बब्बडची न संपणारी डबी

माझ्या नजरेतून काही म्हणजे काही सुटत नाही! गोदामात मालाची मोजदाद करतो मी. एक वॉशर कमी पडला तरी मला आधी चाहूल लागते. तरी एवढा मोठा गोंधळ माझ्याच नाकासमोर कसा झाला, हे मला अजून नीटसं कळलेलं नाही.

सुरुवात बब्बडपासून, म्हणजे आमच्या लेकीपासून. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत तिची निवड झाली आणि नेमकं तेव्हाच गालांवर मुरुमांचं पीक आलं. "असलं तोंड घेऊन मी स्टेजवर जाणार नाही!" म्हणून तिनं दार लावून घेतलं. शेवटी मी आणि बायको तिला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी एक डबी दिली.

"यात व्हिटॅमिन ए आहे. रात्री लावायचं, अख्ख्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. जास्त नाही हं!" आणि सहज पुढे म्हणाल्या, "सुरकुत्यांवरही हेच देतो आम्ही."

हे त्यांनी बोलायला नको होतं. घरी येऊन बायकोनं ते माझ्या आईलाही सांगितलं.

सगळे टीव्हीसमोर असताना मी हळूच डबी उघडली. वाटाणा मला फारच किरकोळ वाटला. माझ्या कपाळाला निदान लिंबाएवढं तरी हवं! घेतलं. पण डबीत हा एवढा खड्डा! बब्बडला कळलं तर? मग बायकोच्या कोल्ड क्रीमनं तो बुजवला आणि बोटानं सपाट केला. ओळखून दाखवा म्हणावं! पुढे हा रोजचाच क्रम झाला.

थोड्याच दिवसांत माझ्या चेहऱ्याची सालं निघायला लागली. पण नवल म्हणजे बायकोही लालबुंद, आणि आईच्या गालांचे पापुद्रे!

"अहो, हे काय होतंय सगळ्यांना?"

"पाणी!" मी ठणकावून सांगितलं. "टाकीत काहीतरी पडलंय."

प्लंबर आला, टाकीत डोकं घालून बाहेर आला. "साहेब, टाकी चकाचक आहे." मग मी साबण बदलला. टॉवेल उकळले. काही फरक नाही! आई म्हणाली, "अरे, साथ असेल." बायकोनं मान डोलावली, जरा जास्तच जोरात.

आणि बब्बड? तिचे मुरूम दुप्पट! "मी रोज न चुकता लावते, बाबा! मग मलाच का गुण येत नाही? माझं नाव काढून टाका स्पर्धेतून!" ती हमसून हमसून रडायला लागली. मला फार वाईट वाटलं. सगळी वरात उचलून डॉक्टरीणबाईंकडे नेली.

त्यांनी आम्हाला एकेक करून न्याहाळलं. "यात पेशंट कोण?"

"मी," बब्बड म्हणाली.

"तुला तर औषध लागलेलंच दिसत नाही! आणि या तिघांनी त्यानं आंघोळ केलीय!" मग डबी उघडून वास घेतला. "हे निव्वळ कोल्ड क्रीम आहे."

"मी एकदाच घ्यायचे हो," आई पुटपुटली. "म्हणजे रोज एकदाच. पण परत भरून ठेवायचे!"

"आई, तुम्हीसुद्धा?" बायको ओरडली आणि एकदम जीभ चावली. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

"मी फक्त... पातळी राखत होतो," मी म्हणालो.

बब्बडला नवी डबी मिळाली. "पण गुण यायला दोन-तीन महिने लागतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आणि आम्हाला?"

"तुम्हाला? साधं कोल्ड क्रीम."

बब्बडनं जुनी डबी माझ्या हातात ठेवली. स्पर्धा पुढच्याच आठवड्यात! आम्ही तिघं माना खाली घालून उभे. बब्बड आमच्याकडे बघत राहिली आणि अचानक खो-खो हसत सुटली.

"जाते मी स्पर्धेला! पण तुम्ही तिघांनी पहिल्या रांगेत बसायचं. तुमची तोंडं बघितल्यावर माझ्याकडे कोण बघतंय!"

बसलो. काय करता! पोरगी असं काही बोलली की पहिलं बक्षीस तिलाच. परीक्षक स्टेजवरून उतरून थेट माझ्याकडे आले. मी छाती फुगवून हात पुढे केला.

ते दोन पावलं मागे सरकले. "मुलगी छान बोलते हो तुमची. पण हे... लागण होणारं नाही ना?"