शहाऐंशीचा घोळ

घड्याळजी न्यूमोनियातून उठून घरी आले त्याला तीन आठवडे झाले होते. "आता ठणठणीत आहात," असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण घड्याळजींचा भरवसा डॉक्टरांपेक्षा बोटाला लावून प्राणवायू मोजायच्या यंत्रावर. दिवसातून वीस-वीस वेळा मोजून त्यांनी ते यंत्रच आजारी पाडलं. त्या सकाळी ते बंद पडलं, तशी बायकोने औषधांच्या दुकानातून दुसरं आणलं.

ते बोटाला लावलं मात्र, घड्याळजी पांढरेफटक पडले.

"अगं, शहाऐंशी!"

"काहीतरीच!" बायको त्यांच्या खांद्यावरून वाकली. "अगं बाई, खरंच की हो!"

"ओठ निळे पडलेत का बघ."

"निळे नाहीत, पांढरे आहेत."

"म्हणजे निळ्याच्याही पुढे गेलं!"

आरडाओरडा ऐकून शेजारचे निवृत्त मास्तर धावत आले. दोघांच्या मागून मान लांब करून त्यांनीही वाचलं, "शहाऐंशीच. शंकाच नको!" आणि रुग्णवाहिकेला फोन लावला.

लिफ्टची वाट बघायला धीर कुणाला? घड्याळजी चार मजले धडाधड उतरले. खाली पोचल्यावर आठवलं, तपासण्यांची फाइल वरच राहिली. बायको "अहो, अहो" म्हणेपर्यंत ते पुन्हा वर जाऊन फाइल घेऊन आलेसुद्धा.

"दम... लागतोय का?" मास्तरांनी कठड्याला लोंबकळत विचारलं.

"मला नाही. तुम्हाला लागलाय!"

तेवढ्यात रुग्णवाहिका आली. समोर उभ्या राहिलेल्या नर्सबाईंनी घड्याळजींच्या बोटावरचं यंत्र पाहिलं. "अठ्ठ्याण्णव. छान आहे की."

"शहाऐंशी!" तिघेही एकदम ओरडले.

"काका, या यंत्राचे आकडे समोरच्याला सरळ दिसतात. इंग्रजी अठ्ठ्याण्णव उलटं वाचलं की शहाऐंशी होतं!"

चाळीस वर्षं घड्याळांच्या आकड्यांशी संसार केलेले घड्याळजी खजील झाले. मास्तर हसायला लागले. बायको मात्र मटकन पायरीवर बसली.

"तुम्ही जरा डोळा मिटलात की मी छातीकडे बघत बसते," ती हुंदका देत म्हणाली. "हलतेय ना, हलतेय ना... तीन आठवडे हेच चाललंय."

घड्याळजींना हे ठाऊकच नव्हतं. ते तिच्याशेजारी टेकले, तिचा हात हातात घेतला आणि नर्सबाईंकडे वळले.

"बाई, आधी हिला बघा. मला काहीसुद्धा झालेलं नाही."