पहिले काय सरते?

भोयर सर कुणाच्याही लग्नात पंगतीला बसण्याआधी थेट चुलाणाकडे जात आणि आचाऱ्याला विचारत, "बापू, पहिले काय सरते?"

आंजी गावातल्या एका लग्नात आचारी भडकलाच. "काहीच नाई सरत, सायेब! वरणाची काठोकाठ भरलेली गुंडं पाहा, बुंदी पाहा!" सरांनी मांडवात एक चक्कर मारली आणि शांतपणे सांगितलं, "पत्रावळी." दुसरी पंगत बसली आणि पत्रावळी संपल्या. वधूपित्याने सरांकडे असं पाहिलं, जणू त्यांनीच त्या लंपास केल्या होत्या!

सर आमच्या वर्ध्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत, मी मराठी. नालवाडीत आमची घरं शेजारी. सर एकटेच. लग्नाचा विषय निघाला की म्हणत, "आता राहू द्या ना भाऊ."

आमच्या पलीकडे पोस्टातले देशमुख राहत. त्यांची शालू इंटरला रसायनात नापास झाली. देशमुखांनी जाहीर केलं, "औंदा पास झाली तर ठीक, नाई तर लगन." शालू दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सर न बोलावता त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले. मग रोजच.

आमच्या अंगणात सगळं ऐकू येई.

"दोन ग्राम हायड्रोजन हाय, आठ ग्राम ऑक्सिजन. पाणी करायचं हाय. पहिले काय सरते?"

"हायड्रोजन," शालू म्हणाली. "तोच कमी हाय ना."

"वजन काऊन पाहून राह्यली तू? कोणाले किती लागते ते पाहाय. दोन ग्राम हायड्रोजनले सोळा ग्राम ऑक्सिजन लागते. तुयापाशी किती हाय?"

"आठ."

"मंग?"

शालू बोटं मोजू लागली. तेवढ्यात पेपरामागून देशमुख ओरडले, "मंग ऑक्सिजनच सरते ना वं! हायड्रोजन एक ग्राम उरते!" आणि स्वतःच दचकले. त्या दिवसापासून ते पेपर उघडत, पण पान उलटत नसत. पुढेपुढे तर शालूच्या आधी उत्तर देण्यावरून बापलेकीची भांडणं होऊ लागली.

शालू पास झाली. लग्नाचं नाव न काढता देशमुखांनी तिला पुढे शिकायला नागपूरला धाडलं. स्टेशनवर अख्खी गल्ली लोटली होती. सर तेवढे आले नाहीत. म्हणाले, "माहा क्लास हाय." तो रविवार होता.

संध्याकाळी ते नेहमीच्या वेळेला घराबाहेर पडले. हातात पाटी. देशमुखांच्या ओसरीपर्यंत गेले, थबकले आणि वळून आमच्या दारात येऊन उभे राहिले.

"वहिनी, तुमच्या वळखीत कोणाले रसायन शिकायचं हाय का? फुकट शिकवतो."

आमची ही जेमतेम चौथी शिकलेली. तिने माझ्याकडे पाहिलं, पदराला हात पुसले आणि पाट मांडला.

"मलेच शिकवा ना, भाऊजी. पण जरा सावकाश हं."

सर बसले. पाटी मांडीवर घेऊन धोतराच्या सोग्याने ती पुसू लागले. पाटी कोरीच होती, तरी बराच वेळ पुसत राहिले.