उजवीकडची नथ

आधीच सांगून ठेवतो, नथ या विषयावर पुण्यात माझ्याइतका विचार कुणीही केलेला नाही! आमच्या घराण्यात आजोबांनी नथी घडवल्या, बाबांनी घडवल्या, पण विचार केला तो फक्त मी. नारायण पेठेत आमची छोटीशी पेढी आहे. मी शुभंकर, तिथला डिझायनर. हा शब्द बाबांसमोर उच्चारायचा नाही, एवढंच पथ्य होतं.

"बाबा, या नथींसाठी काहीतरी नवीन सुचायला हवं."

"नथ आहे ती. कविता नाही."

संपला विषय!

तो काळच तसा होता. हिंजवडीत शेतं बुजवून काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि पेठेतल्या घराघरातला मुलगा गळ्यात ओळखपत्र अडकवून सकाळी कंपनीच्या बसची वाट बघत होता. मीही कधीकाळी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. तेवढ्या भांडवलावर माधवकाकांनी त्यांच्या कंपनीत माझी सोय लावून ठेवली होती. मला मात्र त्या बसचं नुसतं नाव काढलेलंही चालायचं नाही. मुंबईहून दागिन्यांच्या डिझाइनचा डिप्लोमा घेऊन आलेला मी! डोळे मिटले की मला मोती दिसायचे. उघडे असले तरी बहुधा तेच दिसायचे.

अशात एके दिवशी नम्रता पेढीत आली. यवतमाळची मुलगी, हिंजवडीत नोकरी, लग्न पुण्यातल्याच मुलाशी. बाबांनी नथींचा ट्रे पुढे सरकवला.

"काका, या सगळ्या सेमच आहेत. मला काहीतरी युनिक हवंय. आणि माझं नाक टोचलेलं नाहीये, सो दाबाची."

"मिळेल!" मी ओरडलो. बाबा दचकले.

ती गेल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. "ही एक नथ तू कर. मी बघणारसुद्धा नाही. पण तक्रार आली, तर सोमवारी माधवच्या बसमध्ये बसायचं. खिडकीची जागा मिळते म्हणतात."

आता खरं काम सुरू झालं. आमची पेढी दुपारी एक ते चार बंद. बाबा घरी जाऊन झोपायचे आणि मी अर्ध्या शटरखाली एकटा बसायचो. बाहेरची पेठही झोपलेली. फटीतून उन्हाची एक पट्टी आत यायची, गालिच्यावरून सरकत वाटीतल्या मोत्यांवर चढायची, आणि मोती आतून उजळायचे. मला वाटायचं, पहाटे नदीवर धुकं उतरतं तसे हे मोती नवरीच्या गालावर उतरले पाहिजेत! मधे एकच माणिक, नुकत्याच उगवलेल्या सूर्यासारखं. लोक अक्षता टाकायला विसरतील! नवरा मुलगा हार हातात धरून तसाच उभा राहील!

पण मोती गालावर नेमका कुठे टेकतो, हे कळायला नाक लागतं. दुकानात त्या वेळी एकच नाक होतं. मी बाबांनी घडवलेली एक नथ नाकात अडकवली आणि आरशासमोर बसलो. मला मिशी आहे, तिच्याकडे मी कलावंताच्या नजरेने दुर्लक्ष केलं. आरशात जे दिसत होतं त्यात मनातले मोती मिसळत मी कागदावर उतरवत गेलो. चार कधी वाजले कळलं नाही! अशा कितीतरी दुपारी गेल्या. आयुष्यात इतका सुखी मी पुन्हा झालो नाही.

चित्र मी बजरंगदादांच्या हातात ठेवलं. आमचे कारागीर. "दादा, यात स्वतःचं डोकं अजिबात घालायचं नाही. कागदाच्या बाहेर एक तारही जाता कामा नये."

"नाही जायची," ते म्हणाले.

माणिक मला पसंत पडेना म्हणून मी ते बदलत राहिलो आणि नथ तयार झाली ती थेट लग्नाच्या सकाळी. डबी खिशात टाकून मी स्कूटरवरून वारज्याच्या कार्यालयात पोचलो. नवरीच्या खोलीत नम्रता आरशासमोर बसली होती आणि तिच्या आई, प्रेमलाबाई, येरझाऱ्या घालत होत्या. मी डबी उघडली. सगळ्या बायका "अय्या!" म्हणाल्या. त्या एका शब्दासाठी मी जन्मलो होतो.

प्रेमलाबाईंनी नथ लेकीच्या डाव्या नाकपुडीत बसवली. मोती वर गेले! एक तर थेट पापणीला टेकला. त्यांनी फिरवून बसवली. आता मोती ओठांकडून तोंडात निघाले.

"हे इकडं बसूनच नाही राह्यली न जी!"

आत्ता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. नथ घालतात डावीकडे. मीही डावीकडेच घातली होती. पण कागदावर उतरवली होती ती आरशातली! कागदावरच्या बाईच्या ती उजव्या बाजूला गेली आणि हे एवढ्या दुपारींत माझ्या लक्षातच आलं नाही. मी कोपऱ्यात जाऊन मोबाइलवरून बजरंगदादांना गाठलं.

"दादा, अहो, नथ उजवीकडची झालीय! तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं की. पण तुम्हीच म्हणालात, डोकं घालायचं नाही. हल्ली सगळंच बदलतंय, म्हटलं नथबी बदलली असंल."

मी वळलो तर नम्रताने नथ उजव्या नाकपुडीला लावलेली! आणि काय सांगू, मोती गालावर धुक्यासारखे उतरले होते. "मम्मी, बघ ना, किती युनिक!"

प्रेमलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "पुन्यात उजवीकडं घालतेत का जी?"

"म्हणजे... तसं... इकडे..." मी एवढंच म्हणालो.

"घालत असतीन बाप्पा! दुपारी दुकानं बंद ठेवनारं गाव हे. सासरची रीत हाय, तर तशीच राहू द्या."

मी बाहेर पळालो तो नवऱ्या मुलाच्या आईसमोर जाऊन आदळलो. आनंदीबाई. आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी दारातून नवरी पाहिली होती.

"काय हो शुभंकर, त्यांच्यात उजवीकडे घालतात वाटतं?"

मला खोकला आला. खरंच आला!

"असेल. आपल्याला काय करायचंय? पण मुलीला परकं वाटायला नको." असं म्हणून त्या माउलीने स्वतःची नथ काढली, पिळून पिळून फिरवली आणि उजवीकडे लावली! त्यांचं बघून जावांनी, नणंदांनी लावल्या. ते प्रेमलाबाईंनी पाहिलं. "पाहा, अख्खं सासर उजवीकडं घालून राह्यलं! चला गं, आपनही घाला. पोरीला बोल नको लागाले!" झालं, यवतमाळकरांच्या सगळ्या नथी निघाल्या उजवीकडे!

मंगलाष्टकं सुरू झाली. दोन्ही बाजूंच्या बायका एकमेकींकडे पाहून इतक्या कौतुकाने हसत होत्या, की मला भरून आलं. कुणाचे मोती वर, कुणाचे आत, एकीला तर आशीर्वाद द्यायला तोंडच उघडता येईना! मी खांबाला टेकून उभा होतो. वाटलं, सगळं कार्यालयच आरशात गेलंय आणि बाहेर मी एकटा राहिलोय.

एकटा कुठला! जेवणाच्या आमंत्रणाला बाबा आले होते. दारातच थांबले. पेठेतल्या त्या बायकांच्या नाकांत निम्म्याहून जास्त नथी बाबांच्या हातच्या होत्या. प्रत्येक त्यांनी ओळखली. एकेका उलट्या नथीवरून त्यांची नजर फिरली, शेवटी नवरीवर गेली आणि तिथेच राहिली. बराच वेळ राहिली. मग ते पंगतीला बसले आणि मठ्ठ्यापर्यंत व्यवस्थित जेवले.

घरी जाताना मी म्हणालो, "बाबा, सोमवारी बस किती वाजता असते?"

"तक्रार आलीय का अजून?"

सोमवारी पेढी उघडायच्या आधीच पायरीवर आनंदीबाई उभ्या होत्या. मागे जावा, नणंदा आणि मांडवपरतणीला थांबलेल्या यवतमाळच्या मावश्या. प्रत्येकीच्या रुमालात पिळून वाकडी झालेली नथ! मी मनातल्या मनात माधवकाकांच्या बसची खिडकी उघडली.

"दिगंबरपंत," आनंदीबाई बाबांना म्हणाल्या, "सुनेच्या माहेरची रीत म्हणून घातली हो, पण तार गेली सगळी."

"आमचीबी तशीच झाली जी," मावशी म्हणाली, "पुन्याची रीत म्हनून."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बाबांनी झटकन दोघींच्या मधे ट्रे सरकवला. "ठेवा इथे. होईल सरळ."

त्या गेल्यावर मी हळूच विचारलं, "बाबा, ही तक्रार धरायची की दुरुस्ती?"

त्यांनी एक नथ उचलून उजेडात धरली. "दुरुस्ती," ते म्हणाले. "आणि त्या मुलीची नथ चांगली झाली होती. बाजू सोडून."

तेव्हापासून मी पेढीतच आहे. माधवकाकांची बस माझ्याविना व्यवस्थित धावते. त्याच आठवड्यात बाबांनी रंगाऱ्याला बोलावलं आणि दारावर नवीन पाटी लावली. पाटीवर माझं नाव आहे हे कळल्यावर मी धावत रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिलो, लांबून वाचायला. लिहिलं होतं:

"वाकड्या नथी सरळ करून मिळतील. शुभंकर, डिझायनर."

शेवटचा शब्द बाबांनी आपणहून घातला हो! मी सांगितलं नव्हतं.