वाइन न गिळणारे सामंत

सई, ईशान, परवा फोनवर मी मासे आणि वाइनबद्दल काहीतरी बोलले, तर ईशान म्हणाला, "आजी, हाउ डू यू नो ऑल धिस?" वय झालंय, विसरण्याआधी लिहूनच ठेवते. हे सगळं मला अबुधाबीत एका अशा माणसाने शिकवलं, ज्याने आयुष्यात वाइनचा एक घोटही गिळला नाही.

सामंत आमच्या खालच्या मजल्यावर एकटे राहत. एका हॉटेलच्या खरेदी विभागात होते. शुक्रवारी दुपारी आमच्याकडे जेवायला येत. तुमच्या आजोबांकडे दारूचा परवाना होता, त्यामुळे बाटली घरात असे. सामंत ग्लास उजेडात धरत, त्यात नाक खुपसत, घोट तोंडात खळखळवत, सिंकमध्ये थुंकत आणि वर ताक पीत. मग निकाल देत.

"वहिनी, लिंबाची साल. थोडं पीच. शेवटी जिभेवर मीठ. सुरमईला हेच. बर्फ घातलात की खलास."

"एवढं आवडतं तर गिळा की," आजोबा म्हणत.

"आईला न पिण्याचा शब्द दिलाय. चव घेण्याबद्दल ती काही बोलली नव्हती."

या वाइनचं नाव अल्बारिन्यो. हॉटेलने सामंतांना एकदा अकरा दिवस तिची द्राक्षं पिकतात तिथे, स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात पाठवलं होतं. तेव्हापासून त्यांचं प्रत्येक वाक्य "आमच्या गालिसियात" असं सुरू होई. तिथे समुद्र खाड्यांसारखा आत शिरतो, पाऊस आपल्या कोकणासारखा. म्हणून द्राक्षवेल दगडी खांबांच्या मांडवावर चढवतात. खालून खारा वारा खेळतो, बुरशी धरत नाही, आणि मांडवाखाली बायका कोबी-बटाटे लावतात. हे समजावायला त्यांनी चार वाट्या उपड्या घालून त्यांवर माझा पापड ठेवला आणि खालून फुंकर मारली. पापड आजोबांच्या आमटीत पडला.

मग सामंतांचा पगार बायकोला आणायच्या फॅमिली व्हिसासाठी लागतो तेवढा झाला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. बायको, कुमुद, वेंगुर्ल्याला. सामंत दोन वर्षांतून एकदा महिनाभर घरी जात. व्हिसाची बातमी सांगायला त्यांनी आमच्याच फोनवरून कॉल लावला आणि मिनिटभरात रिसीव्हर खाली ठेवला.

"म्हणते, पिणाऱ्या माणसाच्या घराक मी येवचंय नाय."

कुमुदचे वडील दारूपायी गेले होते. आणि हिला नवऱ्याची पत्रं येत होती: आज लिंबाचा वास, आज जिभेवर मीठ, आजची बाटली गेल्या वर्षीपेक्षा सरस. तो रजेवर आला की पीत नाही, हे तिने पाहिलं होतं. पण ती म्हणे, "हंय इले की सोवळे."

मी वैतागले. "अहो, बायकोला दर पत्रात वाइनबद्दलच काय लिहायचं?"

"दुसरं काय लिहू, वहिनी? ड्यूटी, रूम, ड्यूटी. माझ्या बाबतीत इथे बाकी काही घडतच नाही."

मी कुमुदला पत्र लिहायला बसले. माझ्या सवयीप्रमाणे क्रमांक घालून मुद्दे मांडले: ग्लास, सिंक, ताक. वाचलं तर एखाद्या खटल्याची जबानी वाटली. ती फाडली आणि नवीन कागदावर लिहिलं, "तुमचे मिस्टर पीत नाहीत. त्यांना बोलायला माणूस नाही, म्हणून बाटलीचं वर्णन करतात. तुम्ही या."

तीन आठवडे उत्तर आलं नाही. सामंत त्या शुक्रवारांना जेवले, पण बाटलीकडे त्यांनी पाहिलंही नाही. मग कुमुदचा फोन आला. तिने फक्त विमानाची वेळ विचारली.

पहिल्याच शुक्रवारी ती आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. नवरा सिंकवर वाकून थुंकत होता. तिने पुढे होऊन त्याच्या हातात ताक दिलं आणि मला म्हणाली, "वहिनी, इतकी वर्सां मी ह्याच्यासाठी रडलंय?" हसता हसता तिला बसायला खुर्ची लागली.

ती इमारत आता पाडली. हॉटेलचंही नाव बदललं. सामंत आणि कुमुद वेंगुर्ल्याला आहेत, एका घरात, आणि दोघांच्याही तब्येती बऱ्या आहेत.