सुपडूनानांची गुपितं

सुपडूनानांनी कुणाच्या कानात काही सांगितलं, की ते अख्ख्या गल्लीला कळायचं. कानाजवळ तोंड न्यायचं, हाताचा आडोसा करायचा आणि ओरडायचं, "कोनले सांगू नको, भो!" पांडेसऱ्याच्या कामगार वस्तीत आमच्या खोलीला लागूनच त्यांची खोली. सगळा जन्म कापड विणायच्या लूमवर गेलेला. तिथल्या खडखडाटात ओरडल्याशिवाय शेजारच्यालाही ऐकू जात नाही, म्हणून घरीही तोच सूर.

मी बी.कॉम. झालो, घरातला पहिला पदवीधर. आमच्याकडे पेढ्यांना पैसे नव्हते, पेढे नानांनीच आणले. ते वाटता वाटता माझ्या आईच्या कानाशी वाकून म्हणाले, "पास क्लास शे, वहिनी! कोनले सांगू नको!" त्यानंतर बरेच दिवस मी मागच्या गल्लीने ये-जा करत होतो.

म्हणून ऑफिसातल्या मित्रांबरोबर सापुताऱ्याला जायचं ठरलं आणि नाना "माले बी संगे लई चाल ना" म्हणाले, तेव्हा मी सबबी शोधू लागलो. पण पेढे आठवले. नाही म्हणवेना.

पहाटे डोंगर चढायला लागलो. वाटेवर धुकं, आणि नाना लग्नात घालायच्या बुटांत. थोडं चढल्यावर त्यांनी मला जवळ ओढलं. "हाऊ जाड्या वर पोचाव नही! कोनले सांगू नको!"

पुढे धापा टाकत चालणारे आमच्या ऑफिसातले जाडजूड हेमंतभाई थांबले. "काका, जाडो तो गुजरातीमां पण जाडो ज कहेवाय!"

सगळे हसले. मीही नानांच्या कानाशी ओरडूनच म्हणालो, "नाना, हळू बोला ना. माझ्या ऑफिसची माणसं आहेत."

"हळूच तं बोली ऱ्हायनू!"

वर पोचलो तेव्हा उजाडत होतं. झाडीत कुठलासा पक्षी शीळ घालत होता. हेमंतभाईंनी ओठांवर बोट ठेवलं. सगळे कान देऊन उभे राहिले. नाना आळीपाळीने आमच्या तोंडांकडे बघत होते. आम्ही हसलो की हसत होते. पक्षी उडून गेल्यावरही त्यांचं "वा, वा" चाललं होतं.

बाकीचे चहाच्या टपरीकडे उतरले. मी नानांच्या कानाशी ओरडलो, "नाना, पाखरू केव्हाच उडालं!"

त्यांनी मान खाली घातली. "माले वाटनं, आठे डोंगरवर लूम नही, आठे तरी ऐकू यी."

मग त्यांनी सांगितलं. त्यांची मुलगी सुमन दिवाळीपासून माहेरीच होती. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. तिला आई नाही. परवा जेवताना ती नानांना हळूच काहीतरी बोलली. त्यांना फक्त ओठ हलताना दिसले.

"मी म्हनं, चांगलं व्हयनं, बेटा. ती देखतच ऱ्हायनी. ताट तसंच सोडी उठी गई."

"मग परत विचारा तिला!"

"ती वरडीसन सांगी का? आख्खी गल्ली ऐकी."

"माझी आई विचारेल!"

"नको. तिनी बापले सांगेल शे."

खालून चहासाठी हाका आल्या. नाना एका दगडावर बसले. "कोनता कान चांगला शे ते देखू दे. जेवाले तिले त्याच बाजूले बसाडसू. तू बोल. पोर बोलस तसं, हळू."

मी आधी त्यांच्या डाव्या कानाशी, मग उजव्या कानाशी वाकून हळूच "नाना" म्हणालो.

ते डोळे मिटून वाट बघत होते.

"बोल ना, भो," ते म्हणाले.