दातारांना विचारायचं कसं

माझ्या बायकोने, सुमनने, दातारांना पहिल्यांदा जेवायला बोलावलं आणि विचारलं, "भाजी छान झालीय का, भाऊजी?" दातारांनी घास खाली ठेवला. "वहिनी, त्यातला 'छान' काढा आणि पुन्हा विचारा."

चंदीगडला आम्ही एकाच इमारतीत राहायचो. दातार कॉलेजात मानसशास्त्र शिकवत. प्रश्नात उत्तर मिसळू नये, हा त्यांचा हट्ट. बाजारात मी "भेंडी ताजी है?" म्हटलं की ते बाही ओढत. "तो नाही कशाला म्हणेल? कधी तोडली ते विचारा." त्यांच्या पत्नी मालतीबाई नुसत्या हसत.

एकदा चौकात सायकलवरून एक मुलगी पडली. शेजारी रिक्षा उभी, रिक्षावाला गायब. हवालदाराने गर्दीला विचारलं, "टक्कर मारके किधर भागा?" लगेच दोघांनी दोन दिशा दाखवल्या. एकाला तर त्याचा वेगही आठवला.

दातार पुढे झाले. "भाईसाहब, सिर्फ इतना पूछिए, आपने क्या देखा?"

हवालदाराने वैतागून तसं विचारलं. गर्दीतला एक दूधवाला घुटमळला. "मैंने तो जी, लड़की को गिरा हुआ देखा." टक्कर कोणीच पाहिली नव्हती. तेवढ्यात रिक्षावाला मुलीसाठी पाणी घेऊन परतला. सायकलचं चाक खड्ड्यात गेल्याचं तिनेच सांगितलं.

"लोक खोटं नव्हते बोलत," परतताना दातार म्हणाले. "जसं विचारलं, तसं त्यांना आठवलं."

पुढच्या थंडीत मालतीबाई आजारी पडल्या आणि गेल्या. त्या दुपारी दातार औषध आणायला गेले होते. जवळ सुमन होती. काय घडलं ते तिने मला सांगितलं, त्यांना सांगणं तिला जमलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

बऱ्याच दिवसांनी एका संध्याकाळी ते आले. शाल लपेटून दारातच उभे राहिले.

"वहिनी, तिला त्रास नाही ना झाला?"

सुमनने माझ्याकडे पाहिलं. "नाही, भाऊजी. झोपेतच गेल्या."

"माझी वाट नाही ना पाहिली?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. हळूच खुर्चीत बसले. मग म्हणाले, "इथल्या पहिल्या थंडीत लोणच्याचं तेल थिजलं, तर हिने बरणी रजईत गुंडाळून ठेवली होती. आणि मी आपला नुसत्या चादरीत कुडकुडत." आणि ते मालतीबाईंबद्दल बोलत राहिले.