उद्या नक्की

शुक्रवारी सकाळी शाळेच्या फळ्यावर पुन्हा तेच लिहिलेलं होतं, 'सातवीच्या गणिताचा निकाल उद्या.' परीक्षा झाल्यापासूनचा हा अकरावा 'उद्या'. मासोळीच्या बाबांनी फळ्याचा फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आता अति झालं! चार वाजता सगळ्यांनी शाळेच्या फाटकाशी यायचं.'

मासोळी म्हणजे त्यांची मुलगी. जमिनीवर कमी आणि पाण्यात जास्त असायची, म्हणून हे नाव पडलं. पोहण्याच्या शिबिराची बस शनिवारी सकाळी निघणार होती आणि शाळेचा नियम असा, की गणितात साठच्या खाली मार्क असतील तर शिबिर नाही. मार्क शुक्रवारी पाचच्या आत पोहण्याच्या सरांना कळवायचे होते. पोरीची बॅग सोमवारपासून दाराशी भरून ठेवलेली होती. पोहण्याची रबरी टोपी तर ती जेवतानाही डोक्यावरून काढत नव्हती.

"बाबा, आज नाही कळलं तर माझी जागा दुसऱ्या मुलीला देणार आहेत," ती रडवेली होऊन म्हणाली.

"कशी देतात तेच बघतो! एकदा तारीख दिली की पाळायची. एवढी साधी गोष्ट त्या मास्तरांना कळू नये?"

मासोळीच्या आईने नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पुन्हा चहा गाळायला घेतला. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. कारागीर म्हणून माणूस पहिल्या नंबरचा, पण गिऱ्हाईक दारात दिसलं की काम न बघताच तोंडातून 'उद्या नक्की' निघायचं. यात लबाडी काडीची नव्हती. म्हणताना त्यांचा स्वतःचाही त्यावर पूर्ण विश्वास असायचा.

चार वाजता फाटकाशी चौदा पालक जमले. पुढे मासोळीचे बाबा, मागे मासोळी आणि तिची आई, एक बस ड्रायव्हर, शिवणकाम करणाऱ्या ताई आणि बाकीची मंडळी. शिपाई "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत मोर्चा दोन जिने चढून गणिताच्या सरांच्या खोलीत शिरलासुद्धा. सर टेबलाशी बसले होते. समोर पेपरांचा गठ्ठा होता आणि त्याची दोरीही सुटलेली नव्हती.

"अहो, एकही पेपर तपासला नाहीत?" बाबा कडाडले. "आमची मुलं काय वाऱ्यावर आहेत का? रोज उद्या, उद्या! शब्दाला काही किंमत?"

सर रागावले नाहीत. ते मान तिरकी करून ऐकत राहिले.

"तुमचा आवाज फार ओळखीचा वाटतोय," ते म्हणाले. "दिसत मात्र काही नाही. माफ करा, चष्मा दुरुस्तीला दिलाय. बायको टाकून आली. दांडीचा एक स्क्रू पडला होता, बस. दुसरा चष्मा होता, त्यावर मीच बसलो. रोज दुकानात फोन करतो. तिकडे एक गृहस्थ आहेत, इतक्या गोड आवाजात सांगतात की दुसरीकडे जावंसंच वाटत नाही. त्यांच्या भरवशावर मी फळ्यावर लिहायला सांगतो."

बाबांच्या अंगातलं वारंच गेलं.

"कोण हो तो चष्मेवाला?" ड्रायव्हर बाह्या सरसावत म्हणाला. "आधी त्याच्याकडेच जाऊ!"

"नको, नको," बाबा एकदम बारीक आवाजात म्हणाले. "इतकी काय घाई?"

"घसा बसला का तुमचा?" मासोळीच्या आईने विचारलं. "मघाशी तर चांगला होता. सरांना काहीतरी बोला ना. 'उद्या नक्की' म्हणून दाखवा."

सरांचा चेहरा हळूहळू उजळला.

"अरे, तुम्हीच का ते!"

त्यानंतर जे घडलं ते रस्त्यावरच्या सगळ्यांनी थांबून पाहिलं. मासोळीचे बाबा पळत होते. त्यांच्यामागे ड्रायव्हर सरांचा दंड धरून निघाला होता, ताईंच्या कडेवर गठ्ठा होता आणि सगळ्यात पुढे रबरी टोपी घातलेली मासोळी ओरडत होती, "बाबा, चार पस्तीस झाले!"

दुकानातल्या खणात सत्तावीस चष्मे निघाले. सरांचा सव्विसावा. स्क्रू बसवायला बाबांना बरोबर तीन मिनिटं लागली. सरांनी चष्मा चढवला, मासोळीच्या बाबांना वरपासून खालपर्यंत शांतपणे पाहून घेतलं आणि गठ्ठ्यातून मासोळीचा पेपर काढला. लाल पेन चालू लागलं.

चार बावन्नला पेन थांबलं.

"एकोणसाठ झाले. शेवटचं गणित उरलंय, दोन मार्कांचं. एका दुकानात रोज चार चष्मे दुरुस्त होतात, तर वीस चष्म्यांना किती दिवस लागतील? मुलीने लिहिलंय, पाच दिवस. आणि खाली टीप दिलीय, 'दुकान आमच्या बाबांचं असेल तर उत्तर कोणालाच काढता येणार नाही.'"

मासोळीने टोपी डोळ्यांपर्यंत ओढली.

"माझा नियम आहे," सर म्हणाले, "उत्तराखाली चुकीचं काही लिहिलं तर मार्क शून्य. टीप बरोबर आहे की चूक, हे सांगणारा इथे एकच माणूस आहे."

बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. मग चौदा पालकांकडे पाहिलं. त्यातली निम्मी त्यांचीच गिऱ्हाइकं होती. शेवटी त्यांनी लेकीकडे पाहिलं.

"बरोबर आहे, सर," ते स्पष्ट आवाजात म्हणाले. "अगदी शंभर टक्के बरोबर आहे."

"एकसष्ट!"

मासोळी अशी उडाली की नंबर तपासायचा तक्ता भिंतीवरून खाली आला. फोन लागला, मार्क कळवले, नाव पक्कं झालं. आईचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. बाकीचे पेपर आज इथेच बसून संपवतो, असं सांगून सरांनी दुसरा पेपर ओढला. बाबांनी कौतुकाने त्यांच्यासाठी दिवा जवळ सरकवला.

तेवढ्यात शिवणवाल्या ताई पुढे आल्या.

"दादा, विषय निघालाच आहे म्हणून विचारते. माझा सुई ओवायचा चष्माही तुमच्याकडेच आहे. दीड महिना झाला. कधी मिळेल?"

बाबांनी सवयीने तोंड उघडलं. सगळं दुकान त्यांच्याकडे बघत होतं. सरांचंही पेन थांबलं.

"बसा, ताई," बाबा म्हणाले आणि त्यांनी बारका स्क्रूड्रायव्हर उचलला.

ताई बसल्या. त्यांच्यामागे सहा पालक खिशात पावत्या शोधू लागले.